पाच ठिकाणचे उपचार आणि दोन बोटं : जत तालुक्यातलं एक प्रकरण

जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका बाईंच्या उजव्या पायाची दोन बोटं ऊसतोडीच्या ऐन हंगामात काढावी लागली. मधुमेहात बोटं जाणं आता इतकं नित्याचं झालंय की वॉर्डात त्याची कुणी वेगळी चर्चा करत नाही. डॉक्टर म्हणून मी त्यांचे कागद मागून घेतले ते दुसऱ्याच कारणासाठी : त्यांच्याकडे कागद फार होते. आजार कळल्यापासून त्यांनी पाच ठिकाणी उपचार घेतले होते. पाचही ठिकाणी त्यांना तपासलं होतं, औषध दिलं होतं, आणि एकाही चिठ्ठीवर बोट ठेवून 'इथे चुकलं' म्हणावं असं काही सापडत नव्हतं. चुका होत्या त्या एका चिठ्ठीपासून दुसऱ्या चिठ्ठीपर्यंतच्या वाटेवर.

गाव आणि माणूस ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि दोन-तीन रुग्णांच्या हकिकती इथे एकत्र केल्या आहेत. बाईंना अक्का म्हणू. त्या भागात वयाने मोठ्या बाईला तसंच म्हणतात. वय ५४. तीन एकर कोरडवाहू. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट बघत आलेल्या गावांपैकी त्यांचं एक. पाऊस झाला तर बाजरी, तूर, रब्बीला शाळू, म्हणजे ज्वारी. दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात) मुकादमाच्या टोळीबरोबर वाळवा तालुक्यात तोडीला जातो, तो परततो मार्च-एप्रिलात. घरी मुलगा, सून आणि दोन नातवंडं.

सांगली जिल्ह्याबद्दल बोलताना 'इथे डॉक्टर नाहीत' असं म्हणायची सोय नाही. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी मिशनचं रुग्णालय सुरू केलं ते १८९४ साली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. कर्नाटकातून माणसं रेल्वेने मिरजेला उपचाराला येतात. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मिरजेपासून ८० किलोमीटरच्या आसपास जत, आणि जतपासून पुढे आणखी आत अक्कांचं गाव. एसटीने जाऊन-येऊन दिवस जातो, म्हणजे एक हजेरी जाते. ही अंतराची गोष्ट सगळे सांगतात, ती खरीही आहे. पण अक्कांच्या प्रकरणात अंतर हे दुय्यम कारण निघालं.

मुख्य कारण समजायला आधी कोणता दवाखाना कुणाचा, हे पाहावं लागतं. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, तिथे अधिष्ठाता. सांगली-मिरज-कुपवाड शहरातले दवाखाने महापालिकेचे. खासगी डॉक्टर कुणाचेच नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं, चांगला निर्णय. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, त्यामुळे तिथे तो लागू नव्हता. हे फरक मंत्रालयात स्पष्ट असतील. जतच्या एसटीतून उतरलेल्या माणसाला सगळंच 'सरकारी'.

अक्कांना मधुमेह आहे हे पहिल्यांदा सांगितलं गावातल्या खासगी डॉक्टरांनी. अंगाला खाज सुटायची, रात्री चार-चार वेळा उठावं लागायचं. त्यांनी बोटातून रक्त काढून बघितलं, साखर २९० निघाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सुरू झाली. पुढे तीसच्या वरच्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणून आशाताई घरोघरी फॉर्म भरत आल्या, तेव्हा अक्कांचं नाव उपकेंद्राच्या यादीत गेलं. त्यांनी 'मला आधीच गोळी हाय' असं सांगितलं असावं किंवा नसावं. कागदावर तशी नोंद नाही. नवीन रुग्ण म्हणून त्यांना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, या वेळी दोन सुट्या गोळ्या, महिन्याच्या महिन्याला मिळू लागल्या. हंगामात तोडीच्या गावात गोळ्या संपल्या की तिथल्या डॉक्टरांकडून तिसऱ्या नावाची गोळी.

पिशवीत काय होतं

साड्यांच्या दुकानाची नायलॉनची पिशवी. तिच्यात सगळे उपचार. मी ती टेबलावर रिकामी केली तेव्हा निघालं ते असं. 'शासकीय पुरवठा' असा शिक्का असलेली मेटफॉर्मिनची पट्टी. तसाच शिक्का असलेली एक मिलिग्रॅम ग्लिमेपिराइडची. गावच्या डॉक्टरांची जोडगोळी, तिच्यात दोन मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड. तोडीच्या गावची दुसऱ्या कंपनीची जोडगोळी, नाव वेगळं, रंग वेगळा, आत तेच, पुन्हा दोन मिलिग्रॅम. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन दोन वेगळ्या नावांनी. पित्ताची गोळी. 'ताकदीची' लालभडक कॅप्सूल. आणि दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकची जवळपास संपत आलेली पट्टी, कारण मोळी वाहून कंबर धरते.

मी विचारलं, "अक्का, यातल्या कुठल्या घेता?"

"सगळ्याच की. ही सरकारी, ही आमच्या डॉक्टरची, ही कारखान्याकडची. सकाळी उठल्या उठल्या एकदम घेतल्या म्हंजे दिवसभर बघाय लागत न्हाई."

हिशोब केला तर पहाटे रिकाम्या पोटी पाच मिलिग्रॅम ग्लिमेपिराइड. ही गोळी साधारणपणे एक मिलिग्रॅमने सुरू करतात, आणि घेतल्यावर लगेच खायचं असतं. ती स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढते. पोटात भाकरी आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मूत्रपिंड थकलं असेल तर ती अंगात रेंगाळते. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन अक्कांचं तोवर कुणीच बघितलं नव्हतं. पुढे भरती झाल्यावर ते १.५ निघालं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम निम्म्याहून खाली आलेलं. त्यात डायक्लोफेनॅकचा हातभार किती हे सांगता येणार नाही, पण काही ना काही असणारच.

गावच्या डॉक्टरांवर सगळं ढकलून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. रात्री नऊला दार उघडं असलेला त्या गावातला तो एकमेव दवाखाना, आणि उधारी लिहून ठेवणाराही तोच. उपकेंद्राची वेळ आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईची वेळ जुळत नाही. दुपारी अकरा वाजता गोळ्या न्यायला यायचं म्हणजे रोजगार बुडवायचा. 'मोफत' औषधाची ही किंमत कुठल्या खात्यात दिसत नाही.

चक्कर

तोडीच्या फडात दिवस पहाटे सुरू होतो. चारला उठून भाकऱ्या थापायच्या, त्या फडक्यात बांधायच्या, चहा घ्यायचा, फड गाठायचा. भाकरी सुटते ती दहा-अकराला, पहिली गाडी भरत आल्यावर. अक्का गोळ्या घ्यायच्या चहाबरोबर. डिसेंबरात एका सकाळी नऊच्या सुमाराला मोळी डोक्यावर असताना त्या बसल्या, मग आडव्या झाल्या. घामाने चिंब, हाक मारली तर ओ नाही. नवऱ्याला वाटलं, अंगावरून वारं गेलं. टोळीतल्या कुणीतरी मोटरसायकलवर मधे धरून जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. साखर ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्या बोलायला लागल्या.

दवाखान्याने काम चोख केलं होतं. सोडताना चिठ्ठीवर तीन ओळी : साखर कमी झाल्याने बेशुद्धी; मधुमेहाच्या सर्व गोळ्या तूर्त बंद; दोन दिवसांत फिजिशियनला दाखवा. यातल्या दुसऱ्या ओळीचं पालन झालं. तिसरीसाठी इस्लामपूरला जायचं, तिथे तपासणी फी, रक्ताचे पैसे, आणि त्या दिवशी कोयता बंद. शिवाय गोळ्यांनीच तर जीव जात होता, मग गोळ्या सुरू करायला डॉक्टरांकडे कशाला जायचं? अक्कांचा हा सवाल अडाणीपणाचा नव्हता. हातात असलेल्या माहितीवर कुणीही तोच निष्कर्ष काढला असता.

बरोबर दोन महिने त्यांनी मधुमेहाची एकही गोळी घेतली नाही. या काळात उपकेंद्राच्या यादीत त्या 'उपचाराखाली' होत्या. गावाकडे मुलगा महिन्याला जाऊन गोळ्या आणून ठेवत होता, नोंद होत होती. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये उद्दिष्ट जाहीर केलं होतं : २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तेव्हा उद्दिष्ट मोठं असणं गैर नाही. पण मोजायला सोपं काय, तर नाव चढलं का आणि औषध दिलं का. गोळी नेणारा मुलगा जतला आणि आई वाळव्याच्या फडात, हे त्या रकान्यात मावत नाही.

पाय

फेब्रुवारीत तुटलेल्या उसाचा बुडखा रबरी चप्पल फोडून उजव्या पायात घुसला. अक्कांना कळलं नाही. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर आल्यावर सुनेच्या वयाच्या एका बाईने विचारलं, "अक्का, चपलीला रगात कसलं?" तेव्हा त्यांनी पाय वर करून पाहिला. वर्षभर त्यांना 'गादीवर चालल्यासारखं' वाटत होतं. तळपायाची जाणीव केव्हाच गेली होती, आणि ती गेलीय हे तपासायला लागतो दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा. तो तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं लागलं का. दोन मिनिटांचं काम. या जखमेआधीच्या कागदांत 'पाय तपासला' हे दोन शब्द मला कुठेच मिळाले नाहीत. तसंच डोळ्यांचा पडदा, तसंच लघवीतलं प्रथिन. साखर मात्र सगळ्यांनी मोजली होती, काहींनी दोनदा.

हळद भरून फडकं बांधलं आणि तोड सुरू राहिली. आठवड्याने वास यायला लागला. आधी जवळच्या डॉक्टरांकडे पट्टी आणि प्रतिजैविकाची गोळी; मग दुसरं बोट काळं पडल्यावर मिरजेला एका खासगी रुग्णालयात. एक रात्र, तपासण्या, अनामत, सगळे मिळून बारा हजार. ते मुकादमाने दिले आणि उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांत चढवले. दुसऱ्या दिवशी कळलं की हे रुग्णालय मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत नाही. मग सरकारी रुग्णालय, तिथे दोन बोटं काढली, जखम साफ केली, आणि अठरा-वीस दिवसांनी पाय वाचवून घरी सोडलं. तिथल्या निवासी डॉक्टरांनी उत्तम काम केलं होतं. घोट्यापर्यंत जाऊ शकणारा पाय दोन बोटांवर निभावला.

महात्मा फुले योजनेचं नाव २०१७ पूर्वी राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१२ मध्ये तिची सुरुवात झाली. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्याने महाराष्ट्रात असंख्य घरं सावकाराच्या दारातून परत आली, हे नाकारणारा माणूस वॉर्डात कधी उभा राहिलेला नसतो. पण ही योजना भरती झाल्यावरच सुरू होते. मधुमेही पायाची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. साखर मोजायची पट्टी, जिची एकेक पंधरा-वीस रुपयांना पडते, ती बसत नाही. वर्षातून एकदा पाय तपासणं बसत नाही. पाय कापण्याचा खर्च सरकार देतं आणि तो वाचवण्याचा खर्च ज्याने त्याने करायचा, असा उफराटा व्यवहार झालाय, आणि तो कुणी मुद्दाम ठरवलेला नाही. भरतीचा हिशोब ठेवता येतो, बाह्यरुग्णाचा ठेवता येत नाही, म्हणून योजना तिथे थांबली.

मोफत शस्त्रक्रियेनंतरही अक्कांच्या घरावर काय पडलं, तर कोयता मोडला. नवरा सोबतीला रुग्णालयात. हंगामातला शेवटचा महिना बुडाला, उचल फिटली नाही, वर ते बारा हजार. म्हणजे पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जाणं बांधलेलं.

लाल टोपी, नारिंगी टोपी

या प्रकरणातली सगळ्यात बारीक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी, इन्सुलिनच्या सिरिंजची आहे.

घरी सोडताना अक्कांना मिश्र इन्सुलिन लिहून दिलं : सकाळी २० युनिट, रात्री १२. कुपी दिली, सिरिंजा दिल्या, सुनेला टोचायला शिकवलं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपीची. तिच्यावर २० च्या रेघेपर्यंत भरलं की अर्धा मिली येतं आणि २० युनिटच जातात. पेनमधलं इन्सुलिन १०० चं असतं. १०० च्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपीची सिरिंज असते, तिच्या रेघा दाट.

रुग्णालयाने दिलेल्या लाल सिरिंजा संपल्या. गावच्या मेडिकलमध्ये होत्या नारिंगी. सुनेने त्या आणल्या आणि शिकवल्याप्रमाणे २० च्या रेघेपर्यंत भरू लागली. नारिंगीवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. त्यात ४० च्या कुपीतलं औषध भरलं तर जातात फक्त ८ युनिट. साखर तीनशेच्या खाली येईना. गावच्या डॉक्टरांनी, त्यांच्या बाजूने अगदी योग्य, डोस ३० आणि २० केला. प्रत्यक्षात जात होते १२ आणि ८.

अशा वेळी त्या माझ्याकडे आल्या. मी जतला आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण तपासतो. तीस युनिट घेऊन साखर इतकी कशी, हे कोडं चिठ्ठ्या वाचून सुटलं नसतं. सुनेला म्हटलं, "घरी भरतीस तसं इथं भरून दाखव." तिने पदराला हात पुसले, कुपी तळव्यांत हळू घोळवली, बुचाला स्पिरिट लावलं, सगळं शिकवल्यासारखं व्यवस्थित. आणि पिशवीतून नारिंगी टोपीची सिरिंज काढली.

आता समजा, त्याच दिवशी कुणीतरी भला माणूस म्हणाला असता, 'ही सिरिंज चुकीची, लाल आणा,' आणि डोस तसाच ठेवला असता. लाल सिरिंजवर ३० म्हणजे खरेखुरे ३०, आदल्या दिवशीच्या अडीच पट. डिसेंबरातली चक्कर पुन्हा, या वेळी कदाचित झोपेत. रुग्णालयाचा डोस बरोबर, मेडिकलवाल्याने दिलेली सिरिंज नकली नाही, डॉक्टरांनी वाढवलेला डोस तर्कशुद्ध. तीन बरोबर गोष्टींची बेरीज जीवघेणी होऊ शकते, कारण बेरीज करणारा कुणी नाही. किंवा खरं सांगायचं तर आहे : चौथी शिकलेली सून.

विषमता म्हणतात ती मला इथे सगळ्यात उघडी दिसते. सांगलीतल्या विश्रामबागेतला माणूसही तीन डॉक्टरांकडे जातो, त्याच्याही पिशवीत दोन नावांची एक गोळी सापडते. पण त्याच्या मागे ओळखीचा फॅमिली डॉक्टर असतो, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट वाचणारी पुण्यातली मुलगी असते, 'बाबा, ही आणि ती एकच आहे' म्हणणारा मेडिकलवाला असतो. तुकड्या-तुकड्यांची व्यवस्था सगळ्यांसाठी सारखीच आहे. तुकडे शिवायची सुई-दोरा मात्र ज्याच्या त्याच्या घरचा.

काय केलं

फार काही केलं नाही. सगळ्या पट्ट्या समोर ठेवून निवड केली. ग्लिमेपिराइड तिन्ही नावांचं बंद, डायक्लोफेनॅक बंद, रक्तदाबाची एकच गोळी. मेटफॉर्मिन मूत्रपिंडाकडे बघून कमी मात्रेत. इन्सुलिन लाल सिरिंजवर १४ आणि ८, आणि ते जेवण समोर आल्यावर. हे सगळं एका जाड कागदावर मराठीत लिहिलं, प्रत्येक ओळीपुढे रिकाम्या पट्टीचा तुकडा चिकटवला, आणि सिरिंजेची लाल टोपीही टेपने लावली. कागदाच्या माथ्यावर : 'यात बदल केल्यास याच कागदावर लिहा.'

मग गावच्या डॉक्टरांना फोन केला. दोन मिनिटांचं बोलणं. "सर, मला काय माहीत उपकेंद्रातून पण चालू आहे ते. मी माझ्याकडची बंद करतो, फक्त शुगर बघत जाईन," म्हणाले, आणि तसं करतात. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी अक्कांच्या नोंदीत इन्सुलिन चढवलं आणि मेडिकलवाल्याला लाल सिरिंजा ठेवायला सांगितलं. आशाताई दर पंधरवड्याला पाय बघतात. घरी फ्रिज नाही. वाळूत ठेवलेल्या मडक्यात कुपी राहते आणि जतच्या उन्हाळ्यातही तग धरते.

खाण्याबद्दल मी नेहमीचा तक्ता दिला नाही. भात-गहू कमी करून ज्वारी खा, असं ऐंशी किलोमीटरवरून सांगणं सोपं आहे. रेशनवर येतो गहू आणि तांदूळ, जानेवारी २०२३ पासून तोही फुकट. शाळूच्या पट्ट्यातल्या बाईला शाळू विकत घ्यावा लागतो, ज्या वर्षी पिकत नाही त्या वर्षी. "भात सोड म्हंता, मग फुकाचा तांदूळ काय कोंबड्यास्नी घालू?" असं अक्कांनी विचारलंच. ठरलं ते इतकं : भात एका वेळी एक वाटी, सोबत तुरीची डाळ किंवा हुलगा, चहातली साखर बंद, आणि उपवास करायचा तर आदल्या दिवशी आशाताईंना सांगायचं. महिन्यात चतुर्थी आणि एकादशी मिळून उपवास किती असतात, हे कुठल्याच केसपेपरवर विचारलेलं नसतं.

पायाचं एक राहिलं होतं. बधिर पायासाठी मऊ रबराची, एमसीआरची चप्पल लागते. कुष्ठरोग कार्यक्रमात ती मोफत मिळते, कारण त्या आजारातही तळवा बधिर होतो. तोच बधिर तळवा मधुमेहाने झाला तर त्या कार्यक्रमाची चप्पल मिळत नाही. अक्कांच्या चपलेचे पैसे वर्गणीतून भरले. वर्गणीने एक चप्पल होते.

आठ महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी, टक्क्यांत), जी भरतीच्या वेळी १०.८ होती, ती ८.१ वर आली. मला आणखी खाली हवी होती, पण मागची चक्कर लक्षात घेता घाई केली नाही. जखम भरली. क्रिएटिनिन तिथेच आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, मग प्रत्येक गावात असा एक कागद करा. प्रयत्न होतात. आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक आहे, आरोग्य केंद्राच्या टॅबमध्ये नोंद आहे. पण अक्कांची ती नोंद सरकारी रुग्णालयात कुणी उघडून पाहिल्याचं दिसत नाही, त्यांचं डिस्चार्ज कार्ड आरोग्य केंद्राच्या टॅबमध्ये उमटलं नाही, आणि दोन्ही खासगी डॉक्टरांकडे वही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात रक्तदाबाचं काम मी जवळून पाहिलंय. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा होता. तिथला विचार साधा : ठरलेली औषधं, ठरलेल्या क्रमाने, घराजवळच्या उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या, आणि नाव चढलं यापेक्षा रक्तदाब आटोक्यात आला का याची मोजणी. मधुमेह रक्तदाबापेक्षा किचकट आहे, सुई आली की आणखीच. तरी मोजणी बदलली तर कामाची दिशा बदलते, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. खासगी डॉक्टरांना मात्र त्या चौकटीतही फारशी जागा नव्हती, आणि जतसारख्या तालुक्यात त्यांना वगळून काहीच उभं राहणार नाही.

पुढचा हंगाम आला तेव्हा घरात पेच पडला. उचल अंगावर, म्हणून जाणं भाग. अक्का गेल्या नाहीत तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम तयार नाही. शेवटी अक्कांच्या जागी सून गेली. म्हणजे इन्सुलिन भरणारा हात फडावर आणि पाय सांभाळायचा तो माणूस गावात. त्याआधी महिनाभर सुनेने सासूला शिकवलं. चष्मा लागला, तो शिबिरात मिळाला. नातवंडं अक्कांजवळ राहिली, त्यामुळे त्यांची शाळा बुडली नाही.

जानेवारीत मात्र फडावर माणसं कमी पडली आणि अक्कांना सहा आठवड्यांसाठी बोलावणं आलं, तोडायला नव्हे, स्वयंपाकाला. सोबत तो जाड कागद होता. कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात त्यांनी तो दाखवला. मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या लगेच मिळाल्या, सिस्टरनी कागदावर तारीखही टाकली. इन्सुलिनला मात्र उत्तर आलं की आमच्याकडे मोजून येतं, नाव जिथे आहे तिथून आणा. नवरा एसटीने जतला गेला, दोन कुप्या थर्मासमध्ये घालून दुसऱ्या दिवशी परतला. त्याची दोन दिवसांची तोड बुडाली, ती मुकादमाने कापली.